आठ माणसं, सहा पलंग

मीफर्ड, ऑन्टारिओ
१४ जून

प्रिय आयसिल्डा,

माझं पत्र एव्हराल्डच्या बॅगेतून न येता टपालाने आलं म्हणून दचकू नकोस. तुझा नवरा धडधाकट आहे. आत्ता मला खिडकीतून शिडीवर दिसतोय, झाडावरची फळं विरळ करतोय आणि खालच्या पोरांना दटावतोय. इतकी वर्षं आपला नेम ठरलेला: नोव्हेंबरात तो घरी निघाला की त्याच्यासोबत माझं पत्र आणि सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या, आणि वसंतात तो कामावर परतला की तुझं पत्र आणि रममध्ये भिजलेला काळा केक. पण या खेपेला नोव्हेंबरपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. तोवर माझ्या बागेचा निकाल लागलेला असेल.

बाहेर देशातून हंगामी माणसं आणणाऱ्या आम्हा मालकांसाठी सरकारने नियम बदललेत. पूर्वी तपासनीस आधी फोन करायचा, मग यायचा, नळ सोडून बघायचा, माझ्याकडे चहा घ्यायचा आणि जायचा. बाबांच्या काळापासून हे असंच. आता तो न कळवता येतो, चहाला शिवत नाही आणि प्रत्येक माणसाला एकटं बसवून विचारतो. मालकिणीने तिथे फिरकायचंसुद्धा नाही. दोन पलंगांमध्ये किती अंतर, गरम पाणी किती, सगळं ठरवून दिलंय. नापास झालात तर पुढच्या हंगामाला माणसं मागवायची परवानगी नाही.

पलंगांची अडचण मला ठाऊक होती. नव्या मापाने त्यांच्या घरात सहाच पलंग बसतात आणि माणसं आठ. म्हणून पॅकिंग शेडमधली ऑफिसची खोली मी दोघांसाठी नीट करून घेत होते. सुतार आज येतो, उद्या येतो करत होता. तपासनिसाला मी हे सरळ सांगितलं असतं, त्याने मुदत दिली असती आणि विषय मिटला असता.

पण तुझ्या नवऱ्याने मला वाचवायचं ठरवलं! शेजारच्या बागेतल्या कुणीतरी त्याला फोन केला की पांढरी गाडी तुमच्या रस्त्याला लागलीय. मी होते वरच्या रांगेत. तेवढ्यात या आठ शहाण्यांनी दोन पलंग उचलले आणि शीतगृहात रिकाम्या खोक्यांमागे लपवले. तपासनिसाने पलंग मोजले, सहा. माणसं मोजली, आठ. "बाकीचे दोघं कुठे झोपतात?" त्यावर तो डेन्झिल, सगळ्यात धाकटा, गेल्या वर्षीपासून येतोय तो, म्हणाला, "साहेब, आम्ही दोघं फारसे झोपतच नाही."

मग एकेकाला आत बोलावलं. आठही जणांनी एकच सांगितलं: मिस एल्सी आम्हाला आईसारखी आहे, आमची काही तक्रार नाही. तेच शब्द, आठ वेळा. तपासनीस बाहेर येऊन मला म्हणाला, "मॅडम, ही माणसं तुम्हाला घाबरतात. यांना पढवलेलं आहे." घाबरतात! मला! ज्या बाईला स्वतःचा कोंबडा जुमानत नाही तिला!

तो सप्टेंबरात कधीतरी पुन्हा येणार, न कळवता. तेव्हाही हेच झालं तर सगळं संपलं. मी एकटी बाई, पुढल्या वर्षी फळं कुणाच्या हातांनी उतरवू? आयसिल्डा, एव्हराल्ड तुझं ऐकतो. त्याला समजाव. इथे तो सुखात आहे हे त्याने जरूर सांगावं, पण माणसासारखं सांगावं, पोपटासारखं नको.

तुझी,
एल्सपेथ


साउथफील्ड, सेंट एलिझाबेथ, जमैका
३ जुलै

आदरणीय मिस एल्सी,

तुमचं पत्र पोस्टातून आणलं ते तिथल्या पायरीवरच बसून वाचलं. डेन्झिलचं बोलणं वाचून इतकी हसले की पोस्टमास्तरीणबाई बाहेर येऊन बघून गेल्या. हसू ओसरल्यावर मात्र पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तुम्ही बाग गमावाल ही धास्ती तुम्हाला आहे, आम्हालाही आमची आहे. एव्हराल्डची पन्नाशी उलटली. दर वर्षी तुम्ही त्याला नावानिशी बोलावता म्हणून तो येतो. तुमची बाग यादीतून गेली तर त्याचं नाव किंग्स्टनच्या कामगार खात्यात बाकीच्या शेकडो नावांत जाऊन पडेल. तिथे नवे मालक जवान खांदे बघतात, पिकल्या केसांच्या माणसाला कुणी नाव घेऊन बोलवत नाही. मागच्या वादळात उडालेलं आमचं अर्धं छप्पर अजून ताडपत्रीवर आहे. तेव्हा मिस एल्सी, तुमच्या बागेसाठी मी तुमच्यापेक्षा कमी प्रार्थना करत नाही असं समजा.

मी त्याला फोनवर चांगलं खडसावलं. पलंग लपवायला तुला कुणी सांगितलं होतं, असं विचारलं. तर म्हणतो, "अगं, मिस एल्सी त्या पलंगांपायी किती दिवस नीट जेवली नव्हती. मला वाटलं, दोन पलंगांनी प्रश्न सुटतोय तर सोडवावा." आता बोला!

आणि एक सांगते, इथे घरी त्याच्या तोंडून तुमच्याबद्दल वाकडा शब्द कधी निघत नाही. तो म्हणतो सगळं झकास आहे. तुम्ही त्याला आईसारख्या आहात. पुढच्या वेळी तो साहेबांना नीट सांगेल.

परमेश्वर तुमचं रक्षण करो.
आयसिल्डा


मीफर्ड
२१ जुलै

आयसिल्डा,

तुझं पत्र वाचलं आणि त्या तपासनिसाला काय वाटलं असेल ते मला कळलं. आईसारखी. सगळं झकास. वाकडा शब्द नाही. माझ्या बागेत आठ जण हेच बोलले, तू नववी. माझा पहिला मुरंबा पोचला तेव्हा तू मला काय लिहिलं होतंस आठवतं? "चव चांगली आहे, पण साखर घालताना तुमचा हात कुणी धरला होता का?" त्या दिवशी मला वाटलं होतं, ही बाई मला खरं सांगेल. आणि आता तूसुद्धा?

काल मी एव्हराल्डला शेडमागे गाठलं आणि तोंडावर विचारलं. त्याने टोपी काढली, बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "सगळं झकास, मिस एल्सी." इतक्या वर्षांत माझ्याशी बोलताना त्याने कधी टोपी काढली नव्हती. मी ट्रॅक्टर चुकीचा वळवला तर हाच माणूस माझ्यावर ओरडतो. तेव्हा बरी जीभ चालते त्याची!

मला रात्री झोप नाही. बागेची काळजी आहेच, पण तो तपासनीस जे म्हणाला ते जास्त सलतंय. माझी माणसं मला खरंच घाबरतात का? तुला ठाऊक असेल. बायकोला सगळं ठाऊक असतं. मला राग येईल म्हणून गप्प बसली असशील तर आता आणखी येण्यासारखा राग शिल्लक नाही. सांग.

एल्सपेथ


साउथफील्ड
९ ऑगस्ट

मिस एल्सी,

हे लिहिण्याआधी मी चर्चला जाऊन आले आणि पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, खरं लिही, पण सावकाश लिही. सावकाश मला जमत नाही, म्हणून जसं येईल तसं लिहिते.

आधी एक सांगते. मी जे लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. तुम्ही त्याला आईसारख्या आहात असं एव्हराल्ड मनापासून म्हणतो. पण मिस एल्सी, आपण आईला तरी सगळं कुठे सांगतो?

नोव्हेंबरात तो घरी येतो, बूट काढतो, माझ्या स्वयंपाकघरात बसतो आणि तिथून जो सुरू होतो तो वसंतापर्यंत थांबत नाही. गरम पाणी पहिल्या तिघांना पुरतं, मग बाकीचे कुडकुडत आंघोळ करतात. म्हणून कुणी आधी जायचं यावर भांडणं होतात आणि ती हाच मिटवतो, स्वतः शेवटी जाऊन. त्याच्या पलंगाशेजारची खिडकी लागत नाही, ऑक्टोबरात तो कोट घालून झोपतो. रविवारी रात्री तुम्ही फाटकाला कुलूप लावता, आणि गावातल्या चर्चमधून परतायला उशीर झाला तर ही मोठी माणसं कुंपणावरून चढून येतात. आणि तुम्ही शनिवारी सकाळी मोठ्या प्रेमाने पातेलंभर ओट्सची लापशी पाठवता ना, तिच्याबद्दल तर मी लिहीतच नाही. ते डेन्झिलला विचारा.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. पण एक गोष्ट नाही नेता येत.

सगळ्यांचे पासपोर्ट तुमच्या कपाटात असतात. मला माहीत आहे, हरवू नयेत, आग लागली तर जळू नयेत म्हणून, आणि तुमच्या वडिलांपासूनची ती रीत आहे. एव्हराल्डची आई गेली त्या वर्षी बातमी पोचली तेव्हा रविवार होता आणि तुम्ही बहिणीकडे गेला होता. तो तुमच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिला. तुम्ही आलात, लगेच पासपोर्ट काढून दिलात, त्याच्यासोबत रडलात, स्वतः गाडी हाकत विमानतळावर सोडलंत. तो हे सगळ्यांना सांगतो. पण मला एकटीला त्याने आणखी एक सांगितलं. "आयसिल्डा, माझी आई मेली होती आणि मला घरी जायला कुणाची तरी वाट बघावी लागली."

तर मिस एल्सी, तुम्ही विचारलंत म्हणून. तो तुम्हाला घाबरत नाही. पण पुढच्या वर्षी तुम्ही त्याचं नाव घ्याल की नाही, याची त्याला प्रत्येक दिवशी भीती असते. ती सगळ्यांनाच असते, मालक कितीही भला असो. ज्या माणसाने पाणी थंड आहे म्हणून कुरकुर केली त्याला पुन्हा बोलावलं नाही, अशी एक तरी गोष्ट आमच्या प्रत्येक गावात आहे. त्या तपासनिसाला ही भीती दिसली आणि ती तुमची आहे असं त्याला वाटलं.

मी हे लिहिलंय हे एव्हराल्डला माहीत नाही. आता तुम्ही काय कराल ते तुमच्या हातात.

आयसिल्डा


साउथफील्ड
१४ सप्टेंबर

मिस एल्सी,

तुमचं उत्तर नाही. टपाल उशिरा येतं हे मला माहीत आहे, पण इतकं उशिरा नाही.

त्यात एव्हराल्ड फोनवर सगळं झकास आहे असं म्हणायचा थांबलाय. आता तो म्हणतो, "बघू." परवा विचारलं, "तू तिला काय लिहिलंस?" मी म्हटलं, "का, काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही, कामात आहे," आणि फोन ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कामात आहे म्हणून कधी फोन ठेवत नाही.

मी माझ्या जिभेने त्याची भाकरी घालवली असेल तर तसं कळवा. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नका एवढंच मागणं आहे. त्या बागेतलं एकेक झाड त्याला ओळखतं. इथे डिसेंबरात बसून तो मला सांगत असतो की खालच्या रांगेतल्या म्हाताऱ्या झाडाला या वर्षी टेकू लागणार.

दोन ओळी लिहा. शिव्या असल्या तरी चालतील.

आयसिल्डा


मीफर्ड
२६ सप्टेंबर

माझ्या आयसिल्डा,

शिव्या देऊन झाल्या. तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हाच दिल्या, तुझ्यापर्यंत पोचल्या नाहीत एवढंच. ते पत्र ड्रॉवरमध्ये कोंबलं आणि पुष्कळ दिवस कुणाशी धड बोलले नाही. माझ्या वडिलांची रीत, माझी लापशी, माझं फाटक! तीस मैलांत माझ्यासारखी मालकीण दाखवा म्हणावं! असं आपलं एकटीशीच चाललेलं. तुझा नवरा तुझ्याशी "बघू" म्हणत होता ना, ते त्यामुळे. बाईचं काय बिनसलंय ते त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं.

पण ती ओट्यावरची गोष्ट मनातून जाईना. त्या दिवशीचा मला मी दिलेला पासपोर्ट आठवत होता, माझं रडणं आठवत होतं. तो दुपारभर तिथे बसला होता हे मला ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एका संध्याकाळी मी बिस्किटांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यात सगळे पासपोर्ट. ते जेवायला बसले होते. मी ज्याचा त्याला दिला. एव्हराल्ड म्हणाला, "राहू द्या ना तुमच्याकडेच, जपून राहतात." मी म्हटलं, "माझ्यासाठी बोलतोयस की स्वतःसाठी?" तेव्हा त्याने घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी झाडावर काम करताना तो पुन्हा पुन्हा खिसा चाचपत होता. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी घरात निघून गेले.

मग मी आठही जणांना माझ्या टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, आधी माझ्या तक्रारी ऐका. तुम्ही चिखलाचे बूट ओट्यावर ठेवता. तुमचा रेडिओ माझ्या कोंबड्यांना वेड लावतो. आणि एव्हराल्ड, तू मला माझ्याच बागेत छाटणी शिकवतोस आणि ती बरोबर असते, याचा मला भयंकर राग येतो. आता तुमची पाळी. भिंतीवर नवा नियम चिकटवलाय, तक्रार केली म्हणून मी तुम्हाला शिक्षा करू शकत नाही. करायची असती तरी आता सोय राहिली नाही. आणि जो म्हणेल सगळं झकास आहे, तोच ही बाग बुडवणार.

सगळ्यांनी डेन्झिलकडे बघितलं. मग डेन्झिल म्हणाला, "मिस एल्सी, ती लापशी..." पुढे बोलायची हिंमत होईना. एव्हराल्डने वाक्य पुरं केलं. "ती शेजारच्या डुकरांना जाते, मिस एल्सी. पहिल्या वर्षापासून."

आयसिल्डा, आधी मी खवळले, मग हसत सुटले, आणि मग तेही हसायला लागले. त्यानंतर मात्र त्यांचा बांध फुटला! खिडकी, पाणी, फाटक, गाद्या, मी गाडी कशी चालवते, सगळं. रात्री उशिरापर्यंत ऐकत होते. खिडकी दुसऱ्याच दिवशी बसवली. फाटकाची किल्ली आता त्यांच्याकडे आहे. शेडमधली खोली तयार झाली, दोन पलंग तिकडे गेले. पाण्याची मोठी टाकी मागवली, ती मात्र अजून आलेली नाही.

आणि टाकी यायच्या आधीच, परवा, पांढरी गाडी आली.

या वेळी कुणी काही लपवलं नाही. तपासनिसाने एकेकाला आत घेतलं, एव्हराल्डला शेवटी. मी ट्रॅक्टरच्या पायरीवर बसले होते. शब्द ऐकू येत नव्हते, आवाज तेवढा येत होता. आधी तपासनिसाचा. मग शांतता. ती शांतता मला सोसवेना. तो आत टोपी काढून बुटांकडे बघत असणार, असंच वाटत होतं. मग एव्हराल्डचा आवाज सुरू झाला. तो थांबेचना. मध्येच चढायचा, मध्येच हसायचा. शेजारच्या बागेचा मालक येऊन गेला, पोस्टाची गाडी येऊन गेली, तरी तो बोलतोच आहे. आयुष्यात कुणी माझ्या तक्रारी करतंय हे ऐकून मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं.

तपासनीस बाहेर आला तो वही भरूनच. म्हणाला, "मॅडम, तुमच्याविरुद्ध पुष्कळ तक्रारी आहेत." मी म्हटलं, "असणारच." पासपोर्टचं त्याने विचारलं. माझ्याकडे होते, याच महिन्यात परत दिले, असं सरळ सांगितलं. त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि ती मला मिळायलाच हवी होती. पाण्याची टाकी महिन्याच्या आत बसवायची. बाकी ठीक. मग वही मिटून तो म्हणाला, "जूनमध्ये मला इथे घाबरलेली माणसं दिसली होती. घाबरलेला माणूस मला मालकिणीच्या लापशीबद्दल इतका वेळ सांगत बसत नाही." आणि मग, विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस, त्याने चहा मागितला.

पास झालो, आयसिल्डा. पुढच्या हंगामाची परवानगी येईल. आठही नावं मी कालच लिहून पाठवली. एव्हराल्डचं सगळ्यात वर.

तुझी,
एल्सपेथ


साउथफील्ड
१७ जानेवारी

प्रिय मिस एल्सी,

तुमचं सप्टेंबरचं पत्र मी शेजारपाजारी इतक्यांना वाचून दाखवलंय की घड्यांवर फाटायला आलंय. पाद्रीबाबांना डुकरांची गोष्ट दोनदा ऐकायची होती. ते पत्र आलं त्या दिवशी मी चुलीपाशी बसून मनसोक्त रडले आणि मग उठून सगळ्या आळीला तळलेले मासे घातले.

एव्हराल्ड नोव्हेंबरात आला तो माणूसच बदलून. सांगायला तक्रारी नाहीत म्हणून स्वयंपाकघरात नुसता बसून राहतो आणि माझ्या हाताखाली लुडबुडतो. छपरावर नवे पत्रे चढले. सगळं सुरळीत चाललं होतं. पण आता त्याने एक काम करून ठेवलंय आणि ते मला तुम्हाला सांगितलंच पाहिजे.

किंग्स्टनहून बोलावणं आलं. तुमच्या बागेकडून नाव आलंय, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. आमच्या लेकीचं, नॅडीनचं, लग्न एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आहे. मिस एल्सी, या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो तुमच्याकडे होता. तिला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा तुमच्याकडे होता. ती शिक्षिका झाली तेव्हाही. तिने कधी तोंडाने बोलून दाखवलं नाही. लग्नात बापाच्या जागी काकाचा हात धरून चर्चमध्ये जाईन, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

खात्याच्या खिडकीवर दर वर्षी विचारतात, काही अडचण आहे का. दर वर्षी सगळे म्हणतात, नाही साहेब. या वेळी एव्हराल्ड म्हणाला, "आहे. मी मे महिन्यात जाईन. माझ्या मुलीचं लग्न आहे." रांगेतल्या माणसांनी माना वळवून बघितलं म्हणे. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "नीट विचार करून बोल, मालकिणीला कळवावं लागेल." हा म्हणाला, "कळवा."

धीराने बोलून आला खरा, पण घरी आल्यापासून तेच तेच घोकतोय. म्हणतो, "मी काय करून बसलो? छाटणीच्या ऐन वेळी कोण मालक थांबेल?" काल रात्री जेवला नाही, आज सकाळीही नाही. ताट समोर ठेवलं की दारातून रस्त्याकडे बघत बसतो. नॅडीन त्याला म्हणाली, "बाबा, जा तुम्ही, मला चालेल." त्यावर त्याने नकारार्थी मान हलवली.

मी रदबदली करत नाही. तुमची बाग आहे, तुमची झाडं आहेत. काय ते लवकर कळवा, एवढंच.

आयसिल्डा


मीफर्ड
३ फेब्रुवारी

प्रिय आयसिल्डा,

तुझं पत्र यायच्या आधीच किंग्स्टनहून फोन आला होता. ते साहेब चाचरत म्हणाले की तुमचा एक माणूस मुलीच्या लग्नासाठी उशिरा यायचं म्हणतोय, त्याच्या जागी दुसरा देऊ का? त्यांना जे उत्तर दिलं तेच तुला लिहिते, कारण ते तुम्हाला कळवायला वेळ लावतील आणि मला माझ्या टपालावर जास्त भरवसा आहे.

मी म्हटलं, दुसरा नको. एप्रिलची छाटणी सात जण करतील आणि मी करेन. वाईट करेन, मग तो मे महिन्यात येऊन माझ्यावर ओरडेल. त्याचं नाव जिथे आहे तिथेच राहू द्या, सगळ्यात वर.

आणि माझी स्वतःची एक तक्रार आहे, ती त्याला वाचून दाखव. मुलीचं लग्न ठरलंय हे मला एका परक्या साहेबाच्या तोंडून का कळावं? मे महिन्यात जाब विचारणार आहे.

नॅडीनला माझे आशीर्वाद. तिला सांग, काकाला मोकळं कर, तुझा हात धरायला तुझा बाप आहे.

आणि आता त्याला सांग, जेवून घे.

तुझी,
एल्सपेथ